दोन घरांचं भाडं आणि एक हप्ता

वाचकाचं पत्र:

"माझं वय ५४. नोकरीची सहा वर्षं उरली आहेत आणि पेन्शन नाही. गेल्या वर्षी आई गेली, तिचं घर माझ्या नावावर झालं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, कर्ज काही नाही. आठ महिने घराला कुलूप आहे. भाड्याने द्यावं असं मनात आहे. एक एजंट म्हणतात, नुसतं एवढ्यावर थांबू नका, आईचं घर तारण ठेवून दुसरं घ्या, त्याच्या भाड्यातच हप्ता निघेल आणि निवृत्त झालात की दोन भाडी चालू राहतील. आमचे हे म्हणतात, विकून मोकळी हो, डोक्याला ताप नको. मामेभाऊ म्हणतो, मीच राहतो, भाड्याचं बघू, घरचाच माणूस आहे. सगळे आपापल्या परीने बरोबर वाटतात. त्यात मला कुणाशी कडक बोलता येत नाही. मला हे जमेल का?"

ताई,

तुम्ही एका पत्रात चार निर्णय बांधून पाठवले आहेत. मी आधी माझं उत्तर सांगते, मग कारणं. आईचं घर भाड्याने द्या. दुसरं घर घेऊ नका, निदान आत्ता तरी नको. मामेभावाला नाही म्हणा. आणि कडक बोलण्याची काळजी सोडा, त्यावर शेवटी येते.

सुरुवात एजंटपासून करू, कारण तिथे तुमचं सगळ्यात जास्त नुकसान होऊ शकतं. "भाड्यातच हप्ता निघेल" हे वाक्य जगभरातले एजंट म्हणतात. कधीकधी ते खरंही असतं, म्हणून खोडून काढायला आकडेमोड करावी लागते. तुम्ही पत्रात एकही रक्कम दिलेली नाही. हरकत नाही. महिन्याचं भाडं हेच आपण माप धरू आणि सगळं त्यातच मोजू. मग चलन कुठलंही असलं तरी हिशेब बदलत नाही.

समजा, दुसऱ्या घराची किंमत २४० महिन्यांच्या भाड्याइतकी आहे. म्हणजे वर्षाचं भाडं किमतीच्या ५ टक्के. (काही महागड्या शहरांत हा आकडा ४०० महिन्यांच्याही पुढे जातो, काही ठिकाणी १५० च्या आत असतो. तुमचा आकडा काढायला दोन मिनिटं लागतील: घराची किंमत भागिले महिन्याचं खरं भाडं. खरं म्हणजे शेजारच्या घराला आत्ता मिळतंय ते. जाहिरातीतलं धरू नका.)

आता वर्षाला बारा भाडी येतात असं आपण म्हणतो खरं, पण बाराच्या बारा हातात राहत नाहीत. दोन वर्षांनी भाडेकरू बदलला आणि मध्ये दोन महिने घर रिकामं राहिलं, तर वर्षाला सरासरी एक भाडं तिथे गेलं. डागडुजीला एक: नळ, गळती, गीझर, रंग. मालमत्ता कर, विमा, इमारतीचा देखभाल खर्च मिळून अर्धं. एजंटची दलाली, करारनाम्याचा खर्च यांचं मिळून आणखी अर्धं. राहिली नऊ. डागडुजीत मी हात आखडताच ठेवलाय. घराच्या किमतीच्या १ टक्का दरवर्षी दुरुस्तीसाठी बाजूला काढावा, असा एक ठोकताळा बऱ्याच देशांत सांगितला जातो. आपल्या मापाने तो २.४ भाडी होतो. किमतीत जमिनीचाच वाटा मोठा असेल तर हा ठोकताळा जरा जास्तच खर्च दाखवतो, म्हणून मी एकावर थांबले. नऊ भाड्यांवर आयकर लागेल, तो अजून धरलेलाच नाही.

तर घराचं निव्वळ उत्पन्न महिन्याला पाऊण भाडं.

हप्त्याकडे या. किमतीच्या चार पंचमांश कर्ज काढलंत आणि उरलेलं साठवणीतून घातलंत असं धरू. कर्ज झालं १९२ भाड्यांचं. ७ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता येतो दीड भाडं. पहिल्या वर्षी नुसतं व्याजच साडेतेरा भाड्यांच्या आसपास जातं. म्हणजे घर वर्षभर एक दिवसही रिकामं न राहता, एकही नळ न बिघडता बारा भाडी आली, तरी व्याजसुद्धा पुरतं निघत नाही.

येतंय पाऊण, जातंय दीड. उरलेलं पाऊण कुठून आणणार? आईच्या घरातून. त्याचं भाडंही तेवढंच धरलं, तर तिथूनही पाऊणच येणार आहे. दोन्ही घरांची निव्वळ मिळकत जोडली की बरोबर एक हप्ता होतो. एजंटचं वाक्य खरं करायचं तर ते असं म्हणावं लागेल: दोन घरांच्या भाड्यात एक हप्ता निघेल. वीस वर्षं. तोवर तुम्ही ७४ च्या.

हिशेबाची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तीच एजंट तुम्हाला सांगतील आणि तुम्हाला वाटेल मी लपवली. हप्ता तेवढाच राहतो, भाडं वाढत जातं. दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढलं, तर साधारण चौदाव्या वर्षी दुसरं घर स्वतःचा हप्ता स्वतः भरू लागेल. तेव्हा तुमचं वय ६८. पण तुम्हाला पैसे हवेत साठीला, पगार थांबेल तेव्हा. त्या वर्षीचं चित्र पाहा. फक्त आईचं घर असेल, तर वाढलेल्या भाड्यातून खर्च वजा जाता तुमच्या हाती आजच्या हिशेबाने साधारण एक पूर्ण भाडं येत असेल. दोन घरं आणि हप्ता असेल, तर अर्धं. ज्या वर्षी गरज सुरू होते, त्याच वर्षी दोन घरांची मालकीण एका घराच्या मालकिणीपेक्षा निम्म्या पैशांत महिना काढत असेल.

व्याजदर माझ्या धरलेल्यापेक्षा कमी असेल, किंवा घर १५० भाड्यांत मिळत असेल, तर हे चित्र बदलतं, आणि मग त्यावर पुन्हा बोलू. उलट बऱ्याच बँका कर्जदाराच्या वयाकडे बघून मुदत कमी करतात. तुम्हाला वीसऐवजी दहा-बारा वर्षंच मिळाली तर हप्ता आणखी फुगेल. आणि तारण काय आहे, हे विसरू नका. दुसऱ्या घराचा भाडेकरू चार महिने थकला, त्यात तुमचं दुखणं निघालं आणि हप्ते चुकले, तर बँकेचा हात आईच्या घरावर पडणार. आज त्या घरावर कुणाचा एक पैसा नाही. तुमच्या परिस्थितीतली सगळ्यात भक्कम गोष्ट तीच आहे.

घरांच्या किमती वाढतात त्याचं काय, असं कुणी विचारेलच. वाढतात, पुष्कळदा. ऑस्कर जोर्दा आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी १८७० ते २०१५ या काळातली १६ प्रगत देशांची आकडेवारी गोळा करून २०१९ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात राहत्या घरांचा परतावा महागाई वजा जाता शेअर बाजाराच्या तोडीचा निघाला, दोन्हींचा वर्षाला ७ टक्क्यांच्या आसपास, आणि चढउतार मात्र घरांमध्ये कमी. घरं विकणारे याचा दाखला आनंदाने देतील. पण त्या परताव्यातला साधारण निम्मा वाटा भाड्याचा होता, नुसत्या किंमतवाढीचा नव्हे. शिवाय ती देशभरातल्या घरांची सरासरी. तुमचं घर एकच असणार, एका गल्लीत, एका इमारतीत, आणि शेजारी काय बांधलं जाईल हे तुमच्या हातात नाही. वाढलेली किंमत दर महिन्याला थोडी थोडी काढूनही घेता येत नाही. तुमचा प्रश्न महिन्याच्या पैशांचा आहे.

आता तुमच्या ह्यांचं म्हणणं. ते चूक नाहीत. विकून आलेली रक्कम सुरक्षित ठेवीत टाकली, तर कर जाऊन वर्षाला किती टक्के हाती येतील, हे काढा. त्याच्यासमोर आईच्या घराचे निव्वळ टक्के ठेवा: नऊ भाडी भागिले घराची आजची किंमत. आपल्या उदाहरणात ते कर जाण्याआधीच पावणेचार निघतात. बऱ्याच जागी ठेव जिंकेल. मग मी भाड्याने द्या असं का म्हणते? ठेवीचं व्याज पंधरा वर्षांनीही त्याच मुद्दलावर येत राहतं आणि महागाई ते कुरतडत जाते. भाडं मात्र साधारण महागाईबरोबर चालतं. तुम्हाला पंचवीस-तीस वर्षांची सोय करायची आहे, म्हणून हा फरक महत्त्वाचा. दुसरं, विकलेलं घर परत घेता येत नाही, भाड्याने दिलेलं दोन वर्षांनी विकता येतं. ह्यांना सांगा, दोन वर्षं मला द्या, हिशेबाची वही दाखवते, मग ठरवू. मात्र तुमचं घर भाड्याला जातच नसेल किंवा इमारत मोठ्या दुरुस्तीला आली असेल, तर मी त्यांच्या बाजूने आहे.

यात एक प्रश्न मात्र आकड्यांचा नाही. ते आईचं घर आहे. आठ महिने कुलूप आहे ते काही केवळ वेळ झाला नाही म्हणून नसावं. भाडेकरू भिंतीत खिळे ठोकेल. आईने जपलेल्या ओट्यावर डाग पडतील. तिच्या खोलीत कुणाचं तरी मूल पेन्सिलीने उंची मोजून खुणा करेल. भाडेकरूला ते सगळं करण्याचा हक्क आहे, तो पैसे मोजतोय. हे वाचताना पोटात तुटलं तर आणखी काही महिने थांबा, काही बिघडत नाही. पण एक खोली कुलूपबंद ठेवून त्यात आईचं सामान, बाकी घर भाड्याने, असला मधला मार्ग काढू नका. मग तुम्ही दर पंधरा दिवसांनी काहीतरी आणायला जाल, भाडेकरूला वाटेल पाळत ठेवतात, आणि घर धड तुमचंही राहणार नाही, धड त्याचंही. जे हवंय ते आपल्या घरी आणा, जे नकोय ते वाटून टाका, घर रिकामं करा. पंखे, दिवे, गीझर एवढं राहू द्या. फर्निचर जितकं जास्त, तितकी दुरुस्ती आणि वाद जास्त.

मामेभावाचं लवकर आटोपते. "भाड्याचं बघू" म्हणजे भाडं नाही, हे तुम्हालाही कळलंय, म्हणून तर तुम्ही ते पत्रात लिहिलंत. ज्याला वेळ आली तर घर सोडा असं सांगता येणार नाही, त्याला ते द्यायचं नाही. तो अडचणीत असेल आणि मदत करायची असेल, तर झेपेल तेवढी रक्कम उघड मदत म्हणून द्या. त्या मदतीला शेवट असतो. घरात राहायला दिलेल्या माणसाची मदत कधी संपते, हे कुणी ठरवायचं? नकार देताना कारणं सांगत बसू नका, प्रत्येक कारणावर त्याच्याकडे उत्तर असेल. "त्या भाड्यावर माझं म्हातारपण अवलंबून आहे, म्हणून बाहेरच्या माणसाला द्यायचं ठरवलंय." एवढंच. मामी रुसतील. महिनाभराने बोलतील.

आता घर भाड्याने देण्याची तयारी. सगळ्यात आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. जुन्या घराची वायरिंग, अर्थिंग, गळती होताच वीज तोडणारा स्विच आहे की नाही, हे तपासून घ्या. गॅसवर चालणारं पाणी तापवायचं यंत्र बंद न्हाणीघरात असेल, तर ते काढून टाका किंवा धूर बाहेर जाण्याची सोय असलेल्या जागी हलवा. अर्धवट जळालेल्या गॅसमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. इंग्लंडमध्ये घरमालकाला भाड्याच्या घरातली गॅसची उपकरणं दर बारा महिन्यांनी तपासून घ्यावीच लागतात, कायदाच आहे. तुमच्याकडे कायदा असो नसो, तपासा. इतर खर्चात कंजुषी केलीत तर मी काही बोलणार नाही, इथे करू नका.

विमा कंपनीलाही कळवा. घर बरेच दिवस बंद असेल किंवा भाड्याने दिलं असेल, तर नेहमीच्या घरविम्याचं संरक्षण पुष्कळदा लागू राहत नाही. आठ महिन्यांच्या कुलपामुळे ते आत्ताच निसटलेलं असू शकतं.

भाडं किती मागायचं? शेजारपाजारी जे चाललंय त्यापेक्षा किंचित कमी. लोकांना हे पटत नाही. पण एक महिना घर रिकामं राहिलं म्हणजे वर्षाच्या भाड्यातले ८.३ टक्के गेले. ५ टक्के जास्त मागून दीड महिना वाट बघत बसलेला मालक पहिल्याच वर्षी तोट्यात असतो, आणि तरी स्वतःला हुशार समजतो. चांगला भाडेकरू टिकवतानाही हेच गणित. दरवर्षीची थोडी वाढ करारातच लिहून टाका. पाच वर्षं काहीच न वाढवता सहाव्या वर्षी एकदम वाढ मागणं दोघांनाही जड जातं.

माणूस निवडताना त्याची मिळकत बघा. भाडं उत्पन्नाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आत असेल तर तो दमत नाही. मिळकतीचा कागद मागा, ओळखपत्र मागा, आणि आधीच्या घरमालकाशी बोला. आत्ताच्या मालकाचा शब्द पुरेसा नाही. त्याला भाडेकरू जायला हवा असेल तर तो भरभरून कौतुक करेल. त्याच्याही आधीच्या मालकाला काही देणंघेणं नसतं, तो खरं सांगतो. फोनवर एकच प्रश्न विचारा: "तुम्ही यांना पुन्हा घर द्याल का?" उत्तर यायला किती वेळ लागला तेही ऐका.

जात, धर्म, आडनाव, एकटी बाई, मुलं आहेत का, यावरून माणूस गाळू नका. अनेक देशांत तो गुन्हा किंवा दंडाचा विषय आहे. अमेरिकेत १९६८ पासून घर देताना वंश, धर्म, मूळ देश यांवरून भेदभाव करायला बंदी आहे, १९८८ पासून मुलं असलेल्या कुटुंबांनाही ते संरक्षण मिळालं. कायदा बाजूला ठेवला तरी, आडनाव बघून भाडं वेळेवर येत नाही. गाळणी जितकी अशी, तितकी चांगली माणसं तुम्ही स्वतःच कमी करून ठेवता.

करारनामा लेखी हवा, आणि तुमच्या भागात नोंदणीची पद्धत असेल तर नोंदवलेला. इंटरनेटवरून उचललेला नमुना वापरू नका, तुमच्या भागातल्या वकिलाकडून एकदा करून घ्या, पुढे तोच वापरता येतो. भाडं किती, कोणत्या तारखेला, मुदत किती, नोटीस किती दिवसांची, कुठली दुरुस्ती कुणी करायची, घर पाहायला यायचं तर किती आधी कळवायचं. या शेवटच्या मुद्द्यावर घरमालक चुकतात. घर तुमचं असलं तरी आत राहणाऱ्याचा तो संसार आहे. निदान एक दिवस आधी सांगून, त्याच्या सोयीच्या वेळी जायचं. जास्तीची किल्ली जवळ असली म्हणून कुलूप उघडून आत शिरायचं नाही.

अनामत रकमेचे नियम जागोजागी इतके वेगळे आहेत की गंमत वाटते. जर्मनीत राहत्या घरासाठी जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं घेता येतं, तेही भाडेकरू तीन हप्त्यांत देऊ शकतो. इंग्लंडमध्ये बहुतेक घरांना पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा आहे आणि ती रक्कम मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवावी लागते. दक्षिण कोरियात 'जॉन्से' नावाची पद्धत आहे: घराच्या किमतीचा मोठा हिस्सा एकरकमी अनामत द्यायचा, महिन्याला भाडं शून्य, जाताना सगळी रक्कम परत. तुमच्याकडची मर्यादा काय आहे ते विचारा आणि ती पाळा. ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. ते पैसे तुमचे नाहीत, तुमच्याकडे ठेवायला दिलेत. भाडेकरू निघाल्यावर अनामत परत करायला पैसेच नाहीत म्हणून नवा भाडेकरू शोधत फिरणारे घरमालक मी कमी पाहिले नाहीत.

अनामतीवरची भांडणं टाळायला किल्ली देण्याच्या दिवशी दोघांनी मिळून घराचे फोटो काढा: भिंती, फरशा, नळ, खिडक्यांच्या काचा, मीटरचं रीडिंग. त्यावर दोघांच्या सह्या. निघताना तेच पुन्हा. वापराने फिका पडलेला रंग, घासलेली फरशी ही तुमची जबाबदारी. फुटलेलं बेसिन, तुटलेलं दार त्यांची. हा फरक बहुतेक कायद्यांत मानलेला आहे.

कराचं एका दिवसात उरकून घ्या, पण कर सल्लागाराला पैसे देऊन. कुठल्या खर्चाची वजावट मिळते हे प्रत्येक देशाचं निराळं आहे. भारतात मालमत्ता कर वजा जाऊन उरलेल्या भाड्यावर दुरुस्ती वगैरेंसाठी सरसकट ३० टक्के वजावट मिळते, खर्च झाला असो नसो. अमेरिकेत इमारतीची किंमत साडेसत्तावीस वर्षांत विभागून घसारा, म्हणजे दरवर्षीची झीज, खर्च म्हणून दाखवतात. ब्रिटनमध्ये भाड्याच्या घरावरच्या कर्जाचं व्याज उत्पन्नातून पूर्ण वजा करण्याची सोय काढून घेतली गेली, २०२० पासून त्यावर फक्त २० टक्क्यांची करसवलत मिळते. कर्जावर दोन-तीन घरं घेऊन बसलेल्या तिथल्या घरमालकांचं गणित तिथेच फिरलं. नियम असा मधेच बदलू शकतो, आणि हप्ता तर वीस वर्षांचा असतो.

आता कडक बोलण्याबद्दल. ताई, घरमालकीण व्हायला आवाज चढवावा लागत नाही. तुम्ही तारखा ठरवा आणि त्या पाळा. भाडं १ तारखेला. ५ पर्यंत आलं नाही तर एका ओळीचा मेसेज. १० ला फोन. १५ ला लेखी पत्र, करारातलं कलम लिहून. हे प्रत्येक भाडेकरूला, प्रत्येक महिन्याला, तो कितीही गोड असला तरी. पहिल्या दिवशीच त्याला हे वेळापत्रक सांगून ठेवा, म्हणजे ५ तारखेचा मेसेज त्याला अपमान वाटणार नाही आणि तुम्हालाही पाठवताना अवघडल्यासारखं होणार नाही. मवाळ माणसांचा घोळ कुठे होतो सांगू? ते तीन महिने काहीच बोलत नाहीत आणि चौथ्या महिन्यात एकदम भडकतात. खरीच अडचण असेल, नोकरी गेली असेल, तर मुदत द्या, पण किती आणि केव्हापर्यंत ते लिहून घ्या.

आणि कितीही राग आला तरी कुलूप बदलायचं नाही, पाणी-वीज तोडायची नाही, सामान बाहेर काढायचं नाही. जवळजवळ सगळीकडे ते बेकायदेशीर आहे, आणि ते केलंत की थकबाकीदार तो असूनही आरोपी तुम्ही होता. घर खाली करून घ्यायचा रस्ता न्यायालयातून जातो आणि त्याला महिने लागतात, कधी वर्षंही. म्हणून निवडताना घाई नको. म्हणूनच निदान सहा भाड्यांइतकी रक्कम कायम बाजूला हवी. पहिल्या सहा महिन्यांचं भाडं खर्चच करू नका, तीच तुमची गंगाजळी.

दुरुस्तीच्या फोनला मात्र त्याच दिवशी उत्तर द्या. लगेच जमत नसेल तर कधी होईल ते सांगा. एक विश्वासू प्लंबर आणि एक इलेक्ट्रिशियन आत्ताच गाठून ठेवा, त्यांचे नंबर भाडेकरूलाही द्या आणि ठरावीक रकमेपर्यंतची दुरुस्ती न विचारता करायची मुभा द्या. हेही अंगावर घ्यायचं नसेल, तर भाड्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात सगळं बघणाऱ्या व्यवस्थापन कंपन्या पुष्कळ देशांत असतात. वर्षाला सव्वा भाडं जाईल. नोकरी चालू आहे तोवर तुम्हाला ते परवडेलही कदाचित, पण पहिलं वर्ष स्वतः करा. काय लागतं ते कळल्याशिवाय दुसऱ्याच्या कामाची पारख करता येत नाही.

एजंट पुन्हा फोन करतीलच. त्यांना तीन गोष्टी लेखी मागा: शेजारच्या तीन घरांना आत्ता प्रत्यक्ष मिळत असलेलं भाडं, ती घरं गेल्या भाडेकरूनंतर किती दिवस रिकामी होती, आणि तुमच्या वयाला बँक किती वर्षांची मुदत देईल. ते आले की वर दिलेल्या मापात बसवून बघा, आणि हवं तर मला पाठवा. आईच्या घरासाठी भाडेकरू शोधायचं काम त्यांनाच द्यायलाही माझी हरकत नाही. ते काम त्यांना चांगलं येत असेल.